गेरूची त्रिज्या

पाना माझ्या हातून पडला. म्हणजे माझ्या खऱ्या हातून नव्हे, पडद्यावरच्या अंतराळवीराच्या हातून. यानाच्या शिडीच्या अगदी वरच्या पायरीवर असताना मी भलतीच कळ दाबली आणि तो गरगरत खाली गेला. धुळीचा छोटासा ढग उठला.

“लवकर पडला,” मी म्हणाले.

“काय?”

“पाना. फार लवकर पडला असं नाही वाटलं तुला?”

हेरंब आजगावकरने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे होतं. पंचेचाळीस मिनिटांतली दोन गेली होती. “दर्शना, खाली उतर. गाडी काढ. नमुने गोळा करायचेत.”

मी उतरले नाही. अंतराळवीराच्या पट्ट्याला दुसरा एक पाना होता. “तू घड्याळ लाव. मी हा सोडते.”

“कशाला?”

“लाव तरी.”

त्याने कुरकुरत मनगटावरचं घड्याळ लावलं. मी पाना सोडला. तो जमिनीवर टेकताच हेरंबने कळ दाबली, आकडा पाहिला आणि स्पर्धेचा कागद पुढे ओढला.

“किती?” मी विचारलं.

“दोन सेकंद.” त्याचा आवाज बारीक झाला होता. “चार लागायला हवे होते.”

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. आम्ही दोघं मालवणच्या पॉलिटेक्निकला शेवटच्या वर्षाला होतो. कोल्हापूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात अंतराळयान उडवण्याच्या एका संगणकीय खेळाची स्पर्धा होती आणि नऊ संघ आले होते. आमच्याबरोबर यायचे ते सर तापाने अंथरुणाला खिळले, म्हणून आम्ही दोघंच पहाटेच्या एसटीने आलो होतो. पहिल्या तीन संघांतल्या मुलांना खेळ बनवणारी पुण्याची कंपनी सहा महिने काम शिकायला नेणार होती. चांगलं काम करील त्याला ठेवून घेणार, असंही पत्रात लिहिलं होतं.

माझ्यासाठी दुसरी वाट बर्फाच्या कारखान्याची होती. बाबांनी तिथल्या मालकाला शब्द दिला होता: पोरगी परीक्षा झाली की जूनपासून कॉम्प्रेसरवर येईल. बाबांची स्वतःची मासेमारीची बोट होती, रोज बर्फ लागायचा, ओळख जुनी होती. काम वाईट नव्हतं. पण त्या कारखान्याच्या दाराशी उभं राहून मी दहा वर्षं बर्फ फुटताना ऐकला होता आणि मला आता दुसरं काहीतरी ऐकायचं होतं. हेरंबचं वेगळंच होतं. डॉक्टर होण्याच्या नादात त्याची दोन वर्षं गेली होती आणि सावंतवाडीच्या त्याच्या घरात जेवताना त्याच्याशी कुणी फारसं बोलत नसे. गणितात मात्र त्याचा हात धरणारा मी अजून पाहिलेला नाही.

सकाळच्या लेखी फेरीनंतर आम्ही तिसरे होतो.

दुपारची फेरी अशी होती. कंपनीने या स्पर्धेसाठी एक नवाच ग्रह बनवला होता. हवा नसलेला, तांबूस मातीचा, म्हणून त्याचं नाव गेरू. प्रत्येक संघाचं यान गेरूवर उतरलेलं. पंचेचाळीस मिनिटं जमिनीवर फिरायचं, रंगीत दगडांचे नमुने गोळा करायचे. त्याचे तीस गुण. मग उड्डाण, त्याचे चाळीस. गेरूपासून वीस किलोमीटर उंचीवर जाऊन, ठराविक वेग गाठून इंजिन बंद करायचं आणि यानाने ग्रहाभोवती एक पूर्ण फेरी मारायची. पण हाताने उडवायचं नाही. किती वेगाला इंजिन बंद करायचं तो आकडा आधी भरायचा, बटण दाबायचं आणि हात मागे घ्यायचे. पडद्यावर ग्रहाची कुठलीच माहिती दिसत नव्हती. जे काही होतं ते आयोजकांनी दिलेल्या कागदावर: वस्तुमान इतकं, त्रिज्या बाराशे किलोमीटर.

ग्रहाभोवती फिरणं म्हणजे खरं तर पडत राहणंच असतं. फक्त इतक्या वेगाने पुढे जात पडायचं, की आपण जितके खाली येतो तितकीच खालची जमीनही वळून दूर जाते. वेग कमी पडला तर यान जमिनीला भिडतं. फारच जास्त झाला तर ग्रहाला सोडून निघून जातं आणि परत येत नाही. मधला नेमका वेग ग्रह किती जड आहे आणि किती मोठा आहे यावर ठरतो. जड असेल तर जास्त वेग लागतो. वस्तुमान तेवढंच ठेवून ग्रह फुगवला, तर आपण त्याच्या मध्यापासून लांब जातो, ओढ कमी होते आणि कमी वेग पुरतो. त्या कागदावरून हेरंबने आदल्याच तासाला वेग काढून ठेवला होता: सेकंदाला पंधराशे चाळीस मीटर.

आणि आता तो कागदाकडे एकटक बघत होता.

“शिडी सोळा मीटर,” तो पुटपुटला. “दोन सेकंदांत सोळा मीटर. म्हणजे इथली ओढ कागदापेक्षा चौपट आहे. कागद चुकलाय.”

“मग खरा वेग किती?”

“तेच तर कळत नाही.” त्याने रिकाम्या जागेत भराभर लिहिलं. “ओढ चौपट दोन तऱ्हांनी होते. एकतर वस्तुमान लिहिलंय त्याच्या चौपट आहे, नाहीतर त्रिज्या लिहिलीय त्याच्या निम्मी आहे. पाना दोन्हीकडे सारखाच पडेल. पण कक्षेतला वेग सारखा नाही. वस्तुमान चुकलं असेल तर तीन हजार सत्तर. त्रिज्या चुकली असेल तर एकवीसशे पन्नास.”

“आणि चुकीचा भरला तर?”

“कागदावरचा भरला तर पडणार. गेरू छोटा असताना तीन हजार सत्तर भरला तर गेलंच यान. कायमचं.” त्याने पेन खाली ठेवलं. चार मिनिटं झाली होती. मग तो एकदम सावरून बसला. “ऐक. आपण काही करायचं नाही. नमुने गोळा करू आणि कागदावरचाच आकडा भरू.”

“पडणार हे माहीत असून?”

“सगळेच पडणार! सगळ्यांकडे हाच कागद आहे. उड्डाणात सगळ्यांना शून्य, नमुन्यांत सगळ्यांना सारखेच, आणि आपण सकाळचे तिसरे ते तिसरेच. आपल्याला तिसराच नंबर हवाय, दर्शना.”

त्याचं म्हणणं बिनचूक होतं. आज आठवतानाही मला त्यात चूक सापडत नाही. पण मला ते ऐकताना लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही राग आला. यान आमचं होतं. ते पडणार हे ठाऊक असून बटण दाबायचं आणि दुसऱ्यांचीही पडताना बघत बसायचं, हे माझ्याच्याने होणार नव्हतं.

“मी नमुने उचलणार नाही,” मी म्हणाले. “गेरू केवढा आहे ते मोजते.”

“कशाने मोजतेस? फूटपट्टीने?”

“बावट्याने.”



मला ते नीट सांगावं लागलं, तेही घाईत. मी आठ वर्षांची असल्यापासून मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर एका खडकावर बसून बाबांच्या बोटीची वाट बघायचं काम माझं होतं. आई खालून ओरडायची, “बावटो दिसलो काय गो?” बोट कधी एकदम दिसत नाही. आधी काठीवरचा बावटा पाण्यातून वर येतो, मग केबिनचं छप्पर, मग सगळी बोट. जाताना उलटं. बोट छोटी होऊन नाहीशी होत नाही, ती बुडाल्यासारखी जाते. कारण पाणी वाकलेलं आहे. पृथ्वी खूप मोठी, म्हणून बावटा खूप लांब गेल्यावर बुडतो.

“यानाच्या टोकावर, शिडी संपते तिथेच, लाल दिवा आहे,” मी म्हणाले. “गाडी घेऊन सरळ लांब जायचं, कॅमेरा मागे वळवून. ग्रह लहान असेल तर दिवा लवकर बुडेल. मोठा असेल तर उशिरा. किती लांब गेल्यावर, ते तू सांग.”

 हेरंबच्या रागाचं काय होतंय ते मला चेहऱ्यावर दिसत होतं. गणित पुढ्यात आलं की त्याला दुसरं काही सुचत नसे. त्याने पेन उचललं.

“दिवा सोळा मीटरवर. गाडीचा कॅमेरा एक मीटरवर.” अर्ध्या मिनिटात त्याने दोन आकडे काढले आणि दोन्हींभोवती गोल केले. “त्रिज्या सहाशे असेल तर साडेपाच किलोमीटरवर बुडेल. बाराशे असेल तर पावणेआठवर. फरक चांगलाच आहे.” मग त्याने घड्याळ पाहिलं. “पण गाडी सेकंदाला पाच मीटर जाते. सगळा वेळ जाऊन येण्यातच जाईल. एकही दगड हाती लागणार नाही.”

“नाही लागणार.”

“तू म्हणतेस म्हणून करतोय मी हे.”

“ठीक आहे.”

पूर्वेकडे सपाट मैदान होतं. मी गाडी तिकडे घातली. शेजारच्या टेबलांवर मुलं ओरडत होती, “निळा मिळाला!”, “डावीकडे बघ, डावीकडे!” आमच्या पडद्यावर नुसती तांबडी माती मागे पळत होती आणि आमचं यान बारीक होत होतं. आमच्यावर लक्ष ठेवायला बसलेल्या मुलीने वाकून विचारलं, “तुमची गाडी बिघडलीय का?”

“नाही,” हेरंब म्हणाला. “ही बाई फिरायला निघालीय.”

तीन किलोमीटरला यानाचे पाय दिसेनासे झाले. चार पूर्ण झाले तेव्हा निम्मं यान गेलेलं. हेरंब आता पडद्याला नाक लावून बसला होता आणि शंभर-शंभर मीटरला आकडा मोठ्याने वाचत होता. पाच. पाच एक. पाच दोन. उरला होता नुसता दिवा, जमिनीच्या कडेवर टेकलेला लाल ठिपका. पाच हजार चारशे ऐंशीला तो गेला.

“एखादा उंचवटा मध्ये आला असेल,” हेरंब म्हणाला.

मी आणखी तीनशे मीटर गेले. दिवा आला नाही. मग उलटी गाडी घेतली. पाच हजार चारशे सत्तरच्या आसपास तो पुन्हा कडेवर उगवला. पुन्हा पुढे गेले, पुन्हा बुडाला. तेव्हा त्याने माझ्या खांद्यावर इतक्या जोरात थाप मारली की माझा हात कळफलकावरून उडाला.

“सहाशे,” तो म्हणाला. “लहान आहे. निम्मा आहे गो!”

गाडी यानापाशी परत आणली तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली. आमच्या नावापुढे नमुने शून्य.

मी उठून सरळ परीक्षकांच्या टेबलाकडे गेले. प्राध्यापक मोडक हे स्पर्धेचे प्रमुख होते, पन्नाशीचे, पांढऱ्या कडक शर्टातले. त्यांच्याशेजारी कंपनीच्या मुग्धा कारखानीस बसल्या होत्या, पण त्या फोनवर बोलत होत्या.

“सर, कागदावरची त्रिज्या चुकली आहे.”

“कुठला संघ?”

“मालवण पॉलिटेक्निक. दर्शना कुबल.”

त्यांनी यादी पाहिली. “तुमचे नमुने शून्य दिसतायत.”

“हो सर.”

“मग पंचेचाळीस मिनिटं काय केलंत?”

“दिवा कुठे बुडतो ते बघितलं, सर.”

ते हसले. कुचकट नव्हे, दमलेल्या माणसासारखे. “हे बघा, कागद तपासूनच दिलाय. तुम्हाला जो आकडा योग्य वाटतो तो भरा. सगळ्यांना सारखी माहिती आहे, त्यामुळे तक्रारीचा प्रश्न येत नाही. आणि इतर संघांशी याबद्दल बोलायचं नाही, नाहीतर बाद व्हाल.”

“पण सर—”

“जागेवर बसा.”

मी जागेवर बसले. चिठ्ठ्या काढल्या तेव्हा आमचा नंबर सातवा आला.

उड्डाणं मोठ्या पडद्यावर दाखवत होते आणि इंजिन बंद झालं की वेळ दहापट पळवत होते. पहिला संघ पुण्याचा, सकाळपासून पहिलाच होता. त्यांचं यान सुरेख चढलं, वीस किलोमीटरवर आडवं झालं, पंधराशे चाळीसला इंजिन बंद झालं. सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. दहा सेकंदांत यान कलत कलत जमिनीवर आदळलं आणि टाळ्या मध्येच तुटल्या. त्या संघातली तेजल मराठे नावाची उंच मुलगी कमरेवर हात ठेवून पडद्याकडे बघतच राहिली.

दुसरं पडलं. तिसरं पडलं, त्याच जागी, त्याच तऱ्हेने. चौथ्याच्या वेळी कुणीतरी हसलं. पाचवं पडलं तेव्हा कुणी हसलं नाही. कारखानीस मॅडमनी फोन बाजूला ठेवला आणि आपला लॅपटॉप उघडला.

मला वाटलं होतं, एकेक यान पडेल तसा हेरंब निर्धास्त होत जाईल. उलटंच झालं. तो पुन्हा पुन्हा कागदावरचे आपले आकडे तपासत होता.

“कागद चुकलाय हे सिद्ध झालं,” मी हळूच म्हणाले.

“आपण बरोबर आहोत हे नाही झालं,” तो म्हणाला. “समज त्या कॅमेऱ्याची उंची एक मीटर नसली तर? समज खेळात जमीन वाकवताना त्यांनी काहीतरी वेगळंच केलं असलं तर? सगळे पडले तर आपण तिसरे आहोतच असंही नाही आता. आपल्याकडे एक दगडसुद्धा नाही. यानही गेलं तर शेवटून पहिले.”

“माहीत आहे मला.”

“घरी काय सांगू मी?”

 सहावं पडलं. आमचं नाव पुकारलं.

आकडा भरायचं काम हेरंबचं होतं, तसं आम्ही निघतानाच ठरवलं होतं. तो बसला. मी त्याच्या मागे उभी राहिले. त्याला जरा वेळ लागला, मोडक सरांनी घड्याळाकडे बोट दाखवलं, मग त्याने बटण दाबलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेतले.

यान चढलं. आडवं झालं. वेगाचा आकडा पळू लागला: हजार, बाराशे, पंधराशे. पंधराशे चाळीसला इंजिन बंद झालं नाही, तेव्हा सभागृहात कुजबुज उठली. अठराशे. दोन हजार. एकवीसशे पन्नास. इंजिन थांबलं.

दहा सेकंद गेले. उंची वीसची साडेएकोणीस झाली. मग ती तिथेच थांबली. खालची तांबडी जमीन वळत होती आणि यान तिच्याबरोबर वळत होतं. वीस सेकंद. तीस. यान उजेडातून ग्रहाच्या काळ्या बाजूला गेलं आणि पडदा अंधारला. दीडेक मिनिट नुसता उंचीचा आकडा दिसत होता, थोडा वर, थोडा खाली. शेवटी कडेवर सूर्य उगवला आणि खाली आम्ही निघालो होतो ते मैदान आलं. तीन मिनिटं. पूर्ण फेरी.

पहिली टाळी तेजल मराठेने वाजवली.

हेरंबने हात मांड्यांखालून काढले नव्हते. मी त्याला हलवलं तेव्हा तो म्हणाला, “पाणी दे.”

उरलेल्या दोन संघांना थांबवून ठेवलं. परीक्षकांच्या टेबलाशी कारखानीस मॅडम मोडक सरांना लॅपटॉपवर काहीतरी दाखवत होत्या. पाच मिनिटांनी सर ध्वनिक्षेपकापाशी आले.

“कागदात आमच्याकडून चूक झाली आहे,” ते म्हणाले. “त्रिज्येच्या जागी व्यास छापला गेला. त्यामुळे उड्डाणाची फेरी रद्द. निकाल लेखी आणि नमुने यांवर लागेल. तसदीबद्दल क्षमस्व.”

काही मुलांनी सुटकेचा श्वास सोडला. हेरंबने डोळे मिटून घेतले. नमुने शून्य. आम्ही नववे.

त्याआधी मी दोनशे माणसांसमोर कधी बोलले नव्हते. वर्गातसुद्धा शंका विचारायची तर मी शेजारणीला विचारायला लावत असे. मी उभी राहिले तेव्हा खुर्ची मागे पडली आणि सगळे वळले.

“सर, मी तुम्हाला आधी सांगितलं होतं.”

“बसून घ्या, निर्णय झालेला—”

“उड्डाणाच्या आधी सांगितलं होतं. त्रिज्या चुकलीय म्हणून. तुम्ही म्हणालात, सगळ्यांना सारखी माहिती आहे, तक्रारीचा प्रश्न येत नाही. आम्हालाही तोच कागद होता, सर. ग्रह बघायची बंदी कुणालाच नव्हती. आम्ही दगड सोडून ग्रह बघितला. त्याचे गुण तुम्ही कसे काढून घेता?”

मी एका दमात शेवटपर्यंत बोलले.  मोडक सरांना नाही म्हणता आलं असतं. माझ्याकडे पुरावा नव्हता. त्या वेळी कारखानीस मॅडम फोनवर होत्या. कुण्या लहान गावच्या पॉलिटेक्निकच्या मुलीचा शब्द होता फक्त. सरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि परत लावला.

“हो,” ते ध्वनिक्षेपकातच म्हणाले. “यांनी मला सांगितलं होतं. मी ऐकून घेतलं नाही.”

 मग कारखानीस मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, “मग फेरी रद्द नको करायला. ज्यांना कागदाने पाडलं त्यांना निम्मे गुण द्या, उरलेल्या दोन संघांनाही तेवढेच. आणि यांना पूर्ण. कुणाची हरकत?”

“आमची नाही,” तेजल मराठे मागून म्हणाली. “यांची फेरी सगळ्यांनी बघितलीय.”

बेरीज झाली. इतरांचे नमुने आणि निम्मे गुण मिळून आमच्या चाळिसांपेक्षा भरतच होते, पण सकाळचं लेखी आमच्या कामाला आलं. दोन गुणांनी आम्ही तिसरे आलो. निकाल ऐकून हेरंबला जे हसू फुटलं ते थांबेना. “हे तर दगड गोळा करूनही मिळालं असतं,” तो डोळे पुसत म्हणत होता. “नुसते दगड गोळा करून!”

सहा महिन्यांसाठी मी पुण्याला गेले ती परत आले नाही. आज त्या कंपनीत ग्रह बनवायचं काम माझ्याकडे आहे: किती जड, केवढा, किती वेगाने फिरायला लावायचं. बर्फाच्या कारखान्याचा शब्द बाबांनी स्वतः जाऊन परत घेतला, त्याबद्दल ते मला कधी काही बोलले नाहीत. हेरंबला पुणं मानवलं नाही. तीन महिन्यांत तो सावंतवाडीला परतला आणि आता तिथे मुलांना गणित शिकवतो, झकास शिकवतो म्हणतात. मोडक सर दर वर्षी स्पर्धेचा कागद आधी मला पाठवतात आणि खाली लिहितात, “पाना टाकून पाहावा.”

पण त्या दोन दिवसांतलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते दुसऱ्या सकाळचं. आम्ही परतीच्या एसटीत होतो. गगनबावडा मागे पडला होता, गाडी करूळ घाट उतरत होती आणि वळणावळणाला आमच्या पिशव्या सीटखालून इकडून तिकडे सरकत होत्या. 

“दर्शना,” हेरंब अचानक म्हणाला, “तुला एक सांगायचंय. मी आधी पंधराशे चाळीसच टाकले होते.”

मी सरकणारी पिशवी पायाने अडवली.

“टाकून बोट बटणावर नेलं होतं. म्हटलं, पडलो तर सगळ्यांसारखे पडू. कुणी काही म्हणणार नाही. मग पुसले आणि एकवीसशे पन्नास टाकले. का पुसले ते मलाही नीट सांगता येत नाही. तुला सांगायला हवं होतं म्हणून सांगतोय.”

“बघलंय मी,” मी म्हणाले.

तो वळला. “काय?”

“मी मागेच उभी होते. पडदा दिसत होता मला.”

“आणि तू काही बोलली नाहीस?”

खरं तर शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. त्याचा खांदा धरायला हातही उचलला होता मी. “दुपारभर तू म्हणत होतास, तू म्हणतेस म्हणून करतोय,” मी म्हणाले. “तो आकडाही मी म्हणते म्हणून भरला गेला असता, तर उडाल्यावर तो माझा एकटीचा झाला असता. तिथे बसलेला तू होतास. दिवा तूही बघितला होतास.”

गाडीने एक लांब वळण घेतलं. कंडक्टर पुढून ओरडला, कुणाला वैभववाडी हवी का. हेरंबने समोरच्या सीटचा दांडा धरला.

“आणि मी तोच ठेवला असता तर?”

“तर पडलो असतो,” मी म्हणाले. “दोघं.”